मंडळाच्या पिकअपला पाटा वाढवू का?

मंडळी, आत्ताच आलमबागच्या टायर बाजारातून आलोय. डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून लगेच हा कागद मंडळाच्या फळ्यावर लावतोय.

गेल्या विसर्जनाला आपल्या जुन्या पिकअपने असे हादरे दिले की गोमतीवर पोचेपर्यंत बाप्पांच्या हाताला तडा गेला. यंदा ते नको, म्हणून टायर आणि स्प्रिंग बघायला गेलो.

एक दुकानदार म्हणतो, नवे रेडियल टायर घ्या, मऊ चालतात. शेजारचा म्हणतो, जुन्या गाडीला नायलॉनच बरे. मिस्त्री स्प्रिंगला आणखी एक पाटा, म्हणजे वजन पेलायला पोलादी पट्टी, घालायला निघाला. मी हो म्हणणार, तेवढ्यात त्याने विचारलं, "सवारी कितनी बैठेगी, साहब? भरी गाड़ी आराम से चलेगी, खाली उछलेगी."

मी रेल्वेत इंजिनिअर, वजनांचा हिशेब रोजचाच. लगेच बोटांवर माणसं मोजायला लागलो. पूर्वी मागे उभं राहायला जागा नसायची. गेल्या वर्षी बाप्पांजवळ मी एकटा होतो. माझीच मुलं म्हणाली होती, "पापा, आप हो आइए."

काहीच न ठरवता परत आलो. फळ्याला पेन्सिल बांधली आहे. यंदा गाडीत कोण कोण बसणार, तेवढं खाली लिहा. मग मिस्त्रीला सांगतो.