मिरचीवरचा आळ

माझ्या पोटात जखम झाली ती मिरचीनं, हे आमच्या गल्लीनं डॉक्टरच्याही आधी ठरवून टाकलं होतं. मी परभणीच्या दवाखान्यात सलाईन लावून पडले होते आणि इकडे मानवतला माझ्या मिरची कांडपाच्या शटरसमोर निकाल लागून मोकळा झाला होता. बाई एकवीस वर्षं मिरची कांडते, खकाणा नाकातोंडात जातो, जेवायला बसली की भाकरीवर ठेचा, मग पोट फाटणार नाही तर काय होणार? भेटायला आलेली प्रत्येक बाई हेच सांगून गेली, आणि जाता जाता यंदा येसूर कुणाकडं कांडायचा तेही विचारून गेली.

मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

माझं कांडप म्हणजे पत्र्याची एक खोली आणि विजेवर चालणारी तीन लोखंडी मुसळं. नवरा गेला त्या वर्षी ते उभं केलं. बाईमाणसाला मोटार जमायची नाही म्हणणारे पुढं माझ्याच दारात डबे घेऊन बसले. फाल्गुनापासून रांग लागते. मिरची, हळद, काळा मसाला, आणि आमच्याकडं आमटीत घालतात तो भाजल्या धान्याचा येसूर. कुणी धने जास्त भाजले ते मी डबा उघडताच सांगते. याच मुसळांवर मुलगा मोठा झाला, त्याची टमटम आली, त्याचं लग्न झालं. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. ते मशीन माझं आहे, एवढंच सांगायचं आहे.

शुगर निघाली त्याला नऊ वर्षं झाली. गोळी घेत होते, गोड सोडलं होतं, बाकी काही बदललं नाही. पाय मात्र बधिर व्हायला लागले होते. एकदा बाजारातून घरी आले तर एका पायात चप्पलच नव्हती. कुठं निसटली ते कळलंच नाही. शेजारीण पोट धरून हसली, मीही हसले. तेव्हा ती हसण्यासारखीच गोष्ट वाटली.

गुडघे मात्र चांगले दुखायचे. दिवसभर उभं राहून उखळात काठी फिरवायची म्हटल्यावर दुखणारच. त्यावर पुडी होती. आमच्याकडं दुकानात गुडघे म्हटलं की कागदाच्या पुडीत दोनतीन सुट्या गोळ्या बांधून देतात, नाव ना गाव. मुलगा आठवड्याच्या पुड्या आठवणीनं आणून ठेवायचा. सकाळी मशीन सुरू करायच्या आधी, चहाही व्हायच्या आधी, मी एक पुडी तोंडात टाकायची आणि वर पाणी. अर्ध्या तासात गुडघे नव्यासारखे.

आणि मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक कुटायची आणि बोटानं दातांना लावायची. सासरी आल्यापासून लावते. सकाळी, जेवल्यावर, दुपारी चार बायका जमल्या की पुन्हा. डबी कमरेला. घरात सून आहे, तिच्यासमोर लावायला मला कधी लाज वाटली नाही, कारण ते दात घासणं होतं.

यंदा फाल्गुनात, ऐन रांगेच्या दिवसांत, मला संडासला काळं व्हायला लागलं. डांबरासारखं काळं आणि चिकट. मी म्हटलं, मिसरी जास्त गिळली जात असेल. पोट दुखत नव्हतं, तर घाबरायचं कशाला? दोन आठवडे तसेच काढले. दम लागत होता, तो मी उन्हावर ढकलला. एका सकाळी उखळात काठी घातली आणि डोळ्यांसमोर अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा मुलाच्या टमटममध्ये होते.

परभणीला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, दुर्बीण घालून बघितलं. जठरात जखम होती आणि तिच्यातून रक्त गेलं होतं. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, बोलायला नीट. तिनं मुलासमोरच विचारलं, "तंबाखू खाता?"

"न्हाई," मी म्हटलं.

"शुगरशिवाय दुसऱ्या कुठल्या गोळ्या?"

"बीपीची एक. बाकी कायबी न्हाई," मुलानं सांगितलं.

आम्ही दोघंही खोटं बोललो नाही. तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून मळतात ती. आणि पुडीला आमच्या घरात कुणी औषध म्हणत नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाली, तिखट सध्या बेतानं घ्या. झालं! मुलानं तेवढं एक वाक्य धरलं. घरी आल्यावर शटरला कुलूप लागलं आणि किल्ली त्याच्या करगोट्याला गेली. "माय, आता बास. लय झालं तुजं कांडप," म्हणाला. ठेचा बंद, भाकरी बंद, दोन्ही वेळा मऊ भात आणि पिवळं वरण. त्या भातानं माझी शुगर चढली ती वेगळीच, पण भाताला कुणी बोल लावला नाही. महिनाभर मी खाटेवर बसून बंद शटरकडं बघत होते. बायका डबे घेऊन यायच्या आणि कुलूप बघून पुढच्या गल्लीत जायच्या. मग एका संध्याकाळी मुलगा जेवताना म्हणाला, सेलूचा एक माणूस रविवारी मशीन बघायला यायलाय.

शुक्रवारी दवाखान्यात दुर्बिणीनं केलेल्या तपासणीचा कागद घ्यायचा होता. मुलाला म्हटलं, तुझा धंदा बुडवू नको. आणि एकटीच एसटीनं गेले.

डॉक्टरसमोर बसल्याबसल्या मी विचारलं, "मला एकच सांगा. मिरचीनं झालं का?"

"कोण म्हणालं?"

"समदे म्हणायलेत. माजं मशीन इकायलेत."

तिनं पेन खाली ठेवलं. "मिरचीनं अशी जखम होत नाही. झालेल्या जखमेला झोंबते, म्हणून बरं होईपर्यंत बेतानं म्हटलं होतं."

मला तिथंच उठून नाचावंसं वाटलं. म्हटलं, हे कागदावर लिहून द्या. ती हसली आणि म्हणाली, लिहिते, पण मग कशानं झालं ते तर शोधू. तपासणीत पोटातला एक जंतू सापडला होता, त्याच्या गोळ्या ती देणार होती. पण तेवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. जुना कागद मागितला. मी पिशवी टेबलावर उलटी केली. कागद पडला, चष्मा पडला, प्रवासात पडू नये म्हणून टाकलेली मिसरीची डबी पडली आणि दोन पुड्या पडल्या.

तिनं आधी पुडी उघडली. "या किती दिवस घेताय?"

"धा वर्सं झाली असतील. ते औषिद न्हाई, गुडघ्याचं हाय."

तिनं डोक्याला हात लावला. एक गोळी तिनं ओळखली, दुखणं दाबणारी. दुसरी बहुतेक सुजेवरची होती. पहिली पोटाचं आतलं अस्तर खाते, म्हणाली, आणि दुसरी बरोबर असली की धोका आणखी वाढतो, वर शुगरही चढते. मग डबीकडं बोट केलं. "आणि तंबाखू नाही म्हणाला होतात."

"ती तंबाखू न्हाई. मिसरी हाय."

"मिसरी कशाची करता?"

"तंबाखूची," मी म्हटलं, आणि माझं मलाच ऐकू आलं.

मग मी शेवटचं हत्यार काढलं. एवढी जखम होती तर दुखलं कसं नाही? तिनं उलट विचारलं, पायाला मुंग्या येतात का, चप्पल निसटली तर कळतं का. जुन्या शुगरनं पायांच्या नसा बधिर होतात तशाच पोटाच्याही होऊ शकतात, म्हणाली. जखम असते आणि हाक मारत नाही. शिवाय वाढलेल्या शुगरनं ती भरतही नाही लवकर. मला ती हरवलेली चप्पल आठवली. आता हसू आलं नाही.

तिनं कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलं. पुडी कायमची बंद. मिसरी बंद. गुडघ्यासाठी वेगळा इलाज. तोंडाला फडकं बांधून आणि अधूनमधून बसून कांडप चालवायला हरकत नाही. ते शेवटचं वाक्य मी एसटीत सात वेळा वाचलं. मुलाला काय सुनावायचं तेही पाठ केलं. माझ्या मिरचीला नावं ठेवतोस, आणि पुड्या कुणी आणून दिल्या रे? पुरता उताणा पाडणार होते त्याला.

मानवतला उतरले तर स्टँडबाहेर त्याची टमटम उभी. तो सीटवर एका हातानं कंबर दाबून बसला होता. मी पाच पावलांवर पोचले तोवर त्यानं खिशातून पुडी काढली, गोळ्या तळहातावर घेतल्या आणि चहाचा कप उचलला.

मी त्याच्या हातावर फटका मारला. गोळ्या मातीत गेल्या, चहा त्याच्या शर्टावर. सवाऱ्या बघत राहिल्या.

"माय, येडी झालीस का?"

मी कागद पुढं केला. त्यानं वाचला. पुन्हा वाचला. तोंड उतरत गेलं. "म्हंजी मीच तुला इतकी वर्सं..."

एसटीत पाठ केलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. पण महिनाभर मी स्वतः बघितलं होतं, न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा कशी असते. आणि माझा लेक माझे गुडघे दुखू नयेत म्हणून पुड्या आणत होता.

"तू न्हाई, पुडीनं केलं," मी म्हटलं. "तुमी मिरचीवर आळ घेतला, तसा मी तुज्यावर घेणार न्हाई. पर उद्या तुजी शुगर तपासायची. आन् पुडी पुन्हा दिसली तर ही टमटम मी इकीन."

तो डोळे पुसत हसला. शर्ट वर करून करगोट्याची किल्ली सोडली. मी डबी त्याच्या हातावर ठेवली. चाळीस वर्षं कमरेला होती ती. तिची तलफ अजून रोज येते, जेवल्यावर तर बोट आपोआप कमरेकडं जातं. तेव्हा मी बडीशेप चावते आणि मनातल्या मनात सगळ्या जगाला शिव्या देते.

रविवारी सेलूचा माणूस आला. शटर उघडं होतं, तोंडाला फडकं बांधून मी खुर्चीत बसले होते, समोर अकरा डबे रांगेत होते. त्यानं मुलाला मशीनचं विचारलं.

"मशीन मायचं हाय," मुलगा म्हणाला. "तिलाच इचारा."

त्या माणसानं माझ्याकडं तोंड वळवलं. मी बटण दाबलं.