देवमनजींची फेटेवाली

देवमनजींना एका जागी बसवणारा माणूस अजून अकोल्यात जन्मायचा होता. गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्यात हयात गेली; दुकान बंद केलं तरी पायाची भिंगरी काही सुटली नाही. मी शेजारी. चहा माझा प्यायचे आणि येरझाराही माझ्याच ओट्यावर घालायचे. मला नुसतं बघून थकवा यायचा.

त्यांना बसवलं ते एका गोगलगाईनं. त्यांची मुलगी संध्या रत्नागिरीला समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करते. दिवाळीत आली तेव्हा खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणि तीत लिंबाएवढी समुद्री गोगलगाय ठेवून गेली. शंख थेट बांधलेल्या फेट्यासारखा, पेचावर पेच. दिवसा ती दगडाला चिकटून राहते, अंधारलं की काचेवरचं शेवाळ खरवडत फिरते. पण शंख जड. कधी घसरून उताणी पडली आणि कोणी सरळ केलं नाही, तर जिवानिशी जाऊ शकते. एवढं ऐकल्यावर काय विचारता! अमरावतीला सख्ख्या भाच्याच्या साखरपुड्याला गेले आणि पंगत बसायच्या आधीच परतीच्या बसमध्ये. "पडली असंन तं?" एवढंच कारण.

संध्या रोज फोन करायची. "फेटेवाली कशी आहे, बाबा?" हे तपशीलवार सांगायचे आणि फोन ठेवायचे.

मे महिना लागला. देवमनजींनी कूलरचं तोंड टाकीकडे फिरवलं. बायको शालूताई घामाघूम, गोगलगाय गारव्यात. त्या वाऱ्यानं टाकीतलं पाणी भराभर आटायचं आणि हे मीठ कालवलेलं पाणी ओतून भर घालायचे. समुद्राची लेक, तिला अळणी कसं चालेल!

एका सकाळी फेटेवालीनं दार लावून घेतलं. तिच्या पायाला चुन्याचं टणक झाकण असतं; अंग आत ओढलं की ते तोंडावर घट्ट बसतं. दुसरा दिवस उजाडला तरी झाकण हललं नाही. देवमनजी टाकी ते दार, दार ते टाकी. त्यांची ती तगमग बघवेना, म्हणून मी जाऊन बसलो.

"मेली असंन तं पोरीले काय सांगू?" फोन वाजत होता, पण ते उचलेनात. शेवटी शालूताईंनी उचलला, सगळं सांगितलं आणि स्पीकर लावला.

"बाबा, वास येऊन राहिला काय?"

"नाही."

"मंग जिती असंन. पाणी कोणतं टाकून राहिले?"

"मिठाचं."

"बॅटरीचं पाणी आटलं की तुमी काय टाकता? ॲसिड?"

देवमनजींनी कपाळावर हात मारला. याच चुकीसाठी त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना झापलं होतं. आटतं ते पाणी. ॲसिड आतच राहतं. मीठही तसंच.

"साधं पाणी टाका. पण थोडं थोडं."

"मी मारलीच असती व तुई फेटेवाली..."

"बाबा, ती मेली तं दुसरी आणता येते. तुमी जेवले काय?"

"माझं काहून? तिचं इचार ना."

"तुमचं इचारलं की 'बरा आहो' म्हणता अन् फोन ठेवून देता. म्हणून तं रोज तिचं इचारतो मी."

देवमनजी मटकन खाली बसले. आता फोन ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला.

"झोप नाही लागत, संध्या," ते म्हणाले. "तू गेली तवापासून."

मी उठून घरी आलो. दिवेलागणीला शालूताई झाकण उघडल्याचं सांगायला आल्या. देवमनजी आले नाहीत. ते फोनवर होते.