बाईंचा प्लग

परस्पर विश्वासावाचून लोककल्याणाचं कोणतंही काम उभं राहत नाही, असं मी आजवर निदान तीन व्यासपीठांवरून बोललो आहे. त्यातल्या दोन वेळा बाई समोर बसलेल्या होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. माइकची वायर कुठून निघते आणि कशात जाते, हे त्या मान वाकडी करून पाहत होत्या.

बाई पशुसखी होत्या. म्हणजे गावातल्या शेळ्या-कोंबड्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं आणि काही बिघडलं की सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. गोंदिया जिल्ह्यात केशोरीच्या पलीकडे, जंगलाला लागून त्यांचं गाव. मी त्या भागात एका संस्थेचा पशुवैद्य. हातात आलेली कोणतीही वस्तू बाई आधी ओढून पाहायच्या: दोरी, कडी, पिशवीचा बंद, एकदा माझ्या स्टेथोस्कोपची नळी. वर म्हणायच्या, "पाऊ द्या जी. ओढल्याबिगर काय समजते?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना संशयी म्हणतो आणि शक्यतो टाळतो. मीही टाळलं असतं. पण बाईंचा संशय वाढला त्या दिवशी मी तिथं हजर होतो.

पीपीआर हा शेळ्यांचा जीवघेणा आजार. त्याची लस गारव्यात न्यावी लागते. त्या वर्षी मे महिन्यात थर्मासमधला बर्फ वाटेतच वितळला. बाईंनी आतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि विचारलं, "हे चालते का डॉक्टर?" मला पुढच्या गावाला जायची घाई होती. "चालेल," मी म्हणालो. माझ्या शब्दावर त्यांनी मोहल्ल्यातल्या सगळ्या शेळ्या टोचल्या. पावसाळ्यात आजार आला आणि टोचलेल्या शेळ्या मेल्या. त्यातल्या दोन बाईंच्या होत्या.

मला कोणी काही म्हणालं नाही. डॉक्टर गाडीत बसून निघून जातो. बाईंना तिथंच राहायचं होतं. समोरच्या घरची सून तोंडावर म्हणाली, "पानी टोचून गेली आमच्या बकऱ्यायले." तेव्हापासून बाई दिसल्या की फाटकं लागायची. पुढच्या उन्हाळ्यातही ती उघडली नाहीत, तर बाईंचं काम संपणार होतं आणि उरलेल्या शेळ्यांना लस मिळणार नव्हती.

त्या उन्हाळ्याआधी संस्थेला एक जुनी फोर-बाय-फोर जीप देणगीत मिळाली. तिच्या मागे ठेवायला सुटकेसएवढा फ्रिज, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. त्याची पिन सिगारेट लायटरच्या भोकात खुपसली की हिरवा दिवा लागायचा. आम्ही सगळे दिव्याकडे पाहून खूश होतो.

"दिवा लागला म्हंजे अंदर थंड आहे, हे कोनं सांगतलं?" बाईंनी विचारलं.

"मशीन सांगते, बाई," मी म्हणालो.

"ते तं आपल्याच बाजूनं बोलनार."

दुसऱ्या दिवशी त्या खोबरेल तेलाची अर्धी भरलेली बाटली घेऊन आल्या. फ्रिजमध्ये उभी ठेवून तेल गोठवलं आणि मग बाटली उलटी करून लसीशेजारी ठेवली. गोठलेलं तेल बुडाला चिकटून वरच लटकत राहिलं. आत ऊब शिरली तर ते विरघळून झाकणाकडे उतरणार, आणि नंतर कितीही गार केलं तरी झाकणातच गोठणार. लस आठ अंशांच्या वर बिघडू लागते, तुमचं तेल चोविसाच्या आसपास हलतं, तेव्हा ही चाचणी काही शास्त्रीय नाही, असं मी त्यांना समजावलं.

"हव," बाई म्हणाल्या. "उशिरा बोलन, पन खोटं नाई बोलत."

गाडीचं लोकार्पण सडक अर्जुनीला भर दुपारी झालं. नारळ फुटला, फीत कापली. बॉनेटवर एवढे हार की ड्रायव्हरला समोरचं दिसेना. प्रत्येक पाहुण्यानं फ्रिजचं झाकण उघडून आत गंभीरपणे पाहिलं आणि फोटो काढून घेतला. कोणीतरी उन्हात तापलेल्या पाण्याच्या बाटल्या गार व्हायला आत टाकल्या. तेवढ्यात लाइट गेली. ड्रायव्हरनं समयसूचकता दाखवून फ्रिजची पिन काढली आणि त्याच भोकात लाउडस्पीकरची पिन बसवली. त्या लाउडस्पीकरवरून प्रमुख पाहुणे लस गार ठेवण्याचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोलले, मग बाकीचे पाहुणे त्यांच्याविषयी बोलले.

कार्यक्रम संपल्यावर पिन पुन्हा जागेवर गेली, हिरवा दिवा लागला आणि आम्ही गावांकडे निघायला सज्ज झालो. बाईंनी पाण्याच्या बाटल्या बाजूला सारून आपली बाटली काढली. तेल झाकणात उतरलेलं होतं.

"हे मी नाई टोचत," त्या म्हणाल्या.

संस्थेचे सचिव हसले. "अहो, दिवा चालू आहे की!"

पाहुणे अजून जवळच उभे होते. मी हलक्या आवाजात म्हणालो, "थोडा वेळच बंद होता, बाई. चालेल."

"मागच्या साली बी तुमी चालेलच म्हनलं होतं."

सगळी लस मी माझ्या सहीनं बाद केली. अहवालात 'तांत्रिक कारण' असं लिहिलं. ते कारण त्या वेळी मंडपात गार पाणी पीत बसलं होतं.

नवी लस यायच्या आत फ्रिजची जोडणी पक्की करून घ्यायला आम्ही कोहमाऱ्याला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सोबत ड्रायव्हर आणि न बोलावता आलेल्या बाई. त्यांनी येताना बकरी बांधायचं दावं आणलं होतं.

"मावशी, तुमाले गाडीतलं काय समजते?" ड्रायव्हर म्हणाला.

"गाडीतलं नाई समजत गा. खुट्यातलं समजते."

मिस्त्रीनं आधी लायटरचंच नवं सॉकेट काढलं. "अम्मा, एकदम टाइट है."

बाईंनी पिनेचं टोक अंगठ्यानं दाबलं. ते आत गेलं आणि सोडताच बाहेर आलं. "याच्या अंदर काय आहे?"

"स्प्रिंग."

"म्हंजे हे पयल्यापासूनच बाहेर ढकलून राहिलं. ज्याले स्वतःच निंगाचं आहे, त्याले कायले बसवता?"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. बरीच वर्षं हे सॉकेट विकूनही त्याच्या हे लक्षात आलं नव्हतं. आणि मी तर शिकलेला माणूस.

मग त्यानं घरात असतो तसा तीन पिनांचा प्लग दाखवला. "आनि कोनी हा घरच्या लाइटीत खुपसला तं?" बाईंनी विचारलं. मिस्त्रीनं तो परत खोक्यात टाकला. मी इंटरनेटवर वाचून एक प्रकार निवडून ठेवला होता: गोल, कडं फिरवून आवळायचा. बाईंनी तो बसवला, वायरीला दावं बांधलं आणि दुसरं टोक धरून गाडीच्या मागच्या दारापाशी इकडून तिकडे, तिकडून इकडे चालू लागल्या.

"सीधा खींचो ना अम्मा," मिस्त्री म्हणाला.

"बकरी सीधी कुठं ओढते बापा? ते फिरते. फिरून फिरून खुटा ढिला करते. हा रस्ता बी तसाच हालवन."

सातव्या-आठव्या फेरीला कडं सैल झालं. मी पाठ केलेलं सगळं वाया गेलं.

शेवटी मिस्त्रीनं कंटाळून ई-रिक्षाच्या बॅटरीला लावतात तो करड्या रंगाचा, चपटा, जाडजूड प्लग काढला. त्याचे दोन भाग एकमेकांत दाबून बसतात आणि फिरायला जागाच नसते. बाई दावं धरून चालल्या. उलट्या चालल्या. एक झटका दिला. प्लग हलला नाही. मिस्त्रीच तेवढा दचकला.

"याच्यावर मोबाइल चार्ज होते का?"

"नहीं होता."

"लाउडस्पीकर?"

"कुछ नहीं लगता इसमें, अम्मा."

"मंग हाच."

ड्रायव्हरचा चेहरा पडला. गाडी आल्यापासून फ्रिजची पिन काढून तो त्या भोकात रोज काय लावत होता, ते आम्हाला तेव्हा कळलं.

वायर थेट बॅटरीपासून, जाड घ्यायची ठरली, बॅटरीजवळ फ्यूज. मिस्त्री ती मॅटखालून नेऊ लागला तर बाईंनी हात धरला. "झाकू नोको. मले दिसली पायजे." म्हणून आमच्या जीपमध्ये ती वायर आजही उघडी आहे, आणि चढणारा प्रत्येक जण तिला एकदा अडखळतो.

नवी लस आली. शेतांच्या धुऱ्यांवरून, नाल्यांतून आदळत आम्ही बाईंच्या गावी पोचलो. फाटकं लागलेलीच होती. बाईंनी सुई काढली नाही. उलटी बाटली हातात धरून त्या समोरच्या फाटकाशी उभ्या राहिल्या.

"पाय वं. तेल कुठं आहे?"

सून बाहेर आली. तिनं बाटली घेतली, हलवली, उन्हाकडे धरली, बोटानं ठोकून पाहिली. पदराचं टोक बाईंनी मुठीत घट्ट पिळलेलं मला दिसत होतं. सून म्हणाली, "वरच आहे." मग तिनं फाटक उघडलं आणि स्वतः बकरी धरून दिली. दुपारपर्यंत बाटली सगळ्या मोहल्ल्यात फिरली. माझ्या पदवीबद्दल कोणी काही विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात आजार पुन्हा आला. शेजारच्या गावात शेळ्या मेल्या. बाईंच्या गावात मेल्या नाहीत.

मग अर्थातच संस्थेनं फोटोग्राफर पाठवला. फ्रिज, मागे जंगल, शेजारी बाई, असं त्याच्या मनात होतं. वायर मध्ये येते, तेवढी काढा, असं तो म्हणाला. बाईंनी प्लगवर पंजा ठेवला आणि फोटो संपेपर्यंत उचलला नाही.

आता बाई इथं नाहीत. गुडघे गेले, तेव्हा मुलानं भिलाईला नेलं. तिथं दुसऱ्या मजल्यावर घर आहे, शेळी बांधायला जागा नाही. मधूनमधून फोन येतो.

"डॉक्टर, तो ड्रायवर पिन काहाडते का जी?"

"नाही बाई, निघतच नाही ती."

"तुमी ओढून पायली का?"

मी पाहिली नव्हती. फोन कानाला लावूनच गाडीपर्यंत गेलो, ओढली, आणि मग हो म्हणालो.

गोंदियाच्या कार्यालयात तो फोटो मोठा करून लावला आहे. वर 'एका पशुवैद्याचा ध्यास' अशी ओळ आहे. बाईंचा चेहरा कापला गेला. करड्या प्लगवर ठेवलेला फक्त एक हात दिसतो. हातात हिरव्या बांगड्या आहेत. खाली नाव माझं आहे.