संताची मॉरिस

लुवेवे वस्तीतली माणसं रेल्वेतून निवृत्त झाली की शेळ्या पाळतात, नाहीतर परसात मका लावतात, आणि दोन्ही जमलं नाही तर चर्चच्या कमिटीत शिरतात. अब्सालोम मसुकूनं यातलं काहीच केलं नाही. बुलावायो शहराच्या रेल्वे वर्कशॉपात डबे दुरुस्त करण्यात उभी हयात घालवलेला हा गडी निवृत्त झाला आणि थोड्याच दिवसांत गाढवं जुंपून एक मोटार घरी घेऊन आला. पुढं चार गाढवं, मागं मॉरिस, आणि मॉरिसच्या स्टिअरिंगवर स्वतः मसुकू, डोक्यावर हॅट, गल्लीतल्या लोकांना वरातीतल्या नवरदेवासारखा हात करत. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला उठवायचं कुणाच्या जिवावर आलं नव्हतं, म्हणून तीही आली.

मोटार म्हणजे अँबॅसेडरची आई शोभावी अशी जुनी मॉरिस ऑक्सफर्ड. ती एम्बिझो मिशनच्या फादर लिबोरिअसांची. हे स्विस फादर चाळीसेक वर्षं मिशनवर होते आणि गाडी चालवताना सगळा भरवसा देवावर टाकायचे, ब्रेकवर अजिबात नाही. ते वारले आणि गाडी गोठ्यात गेली. मसुकूनं मिशनचा बंद पडलेला पंप चालू करून दिला, तेव्हा नवे तरुण फादर टार्सिसिअस खुशीत म्हणाले, "काका, गोठ्यातलं ते भंगार हवं असेल तर घेऊन जा. गाय बाहेर भिजते आमची."

मसुकूची बायको मासिबांडा दारात उभी राहून ही वरात बघत होती. गाडी ओळखली तसा तिचा चेहरा उतरला.

"या वयात दुसरी आणायचीच होती," ती म्हणाली, "तर निदान चालती-बोलती तरी आणायचीत."

कुंपणापलीकडून शेजारी हेझेकिया म्हणाला, "बोलत नाही हाच तर तिचा गुण, वहिनी."

मासिबांडा आत गेली, ती त्या दिवसापासून गाडीच्या बाजूनं फिरकेनाच. नळावर जायचं तर घराला वळसा घालून जायची. मसुकूला वाटलं, सवतीमत्सर. मनातल्या मनात तो जरा सुखावलासुद्धा. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला आपल्यावरून जळताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मग घराचं वर्कशॉप झालं. मसुकूनं आंब्याच्या फांदीला साखळी-कप्पी बांधून इंजिन उपसलं, तर ब्लॉकला हात घालता येईल एवढी चीर. फादरांनी रेडिएटरमध्ये पाणी घालायचं कामसुद्धा देवावरच सोपवलेलं दिसत होतं. मग एका उलटलेल्या डॅटसन पिकअपचं इंजिन आलं. ते मॉरिसच्या गिअरबॉक्सला बसेना, म्हणून मसुकूनं मधे रेल्वेच्या पोलादाची पट्टी कापून घातली. ब्रेक डॅटसनचे, वायरिंग फ्रीजचं. गाडीचा तळ इतका गंजला होता की आत बसून पायी चालता आलं असतं. तिथं त्यानं साबणाच्या जाहिरातीचा जुना पत्रा ठोकला. त्यामुळं ड्रायव्हरच्या टाचेखाली एक धुणं धुणारी बाई कायमची हसत राहिली. मागची मूळ सीट उंदरांनी पोखरलेली, कोंबड्यांनी घाण केलेली. ती उपसून त्यानं आंब्याखाली टाकली आणि तिच्या जागी रेल्वेच्या सेकंड क्लासची हिरवी सीट बसवली.

जेवणाच्या टेबलावर व्हॉल्व्ह घासले जायचे. एकदा शेंगदाण्याच्या कुटातल्या भाजीत स्प्रिंग निघाली. मासिबांडानं ती काढून नवऱ्याच्या ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, "तुमच्या बाईसाहेबांचं काहीतरी पडलंय." मसुकूनं ती धुऊन खिशात टाकली. दोन दिवस तो तीच शोधत होता.

पहिल्यांदा इंजिन चालू करताना त्यानं कार्बुरेटरमध्ये हातानं पेट्रोल ओतलं. रेल्वेतला मुरलेला फिटर, पण त्या दिवशी घाईत गाढवपणा केला. भडका उडाला आणि त्याच्या दोन्ही भुवया गेल्या. दोरीवर वाळत घातलेला मासिबांडाचा महिला मंडळाचा निळा झगा बाहीपाशी होरपळला. ती मिशनच्या महिला मंडळाची अध्यक्ष. पुढच्या गुरुवारी ती अर्ध्या बाहीचा झगा घालून सभेला गेली, आणि भुवया नसलेला नवरा दोन महिने सतत आश्चर्य वाटत असल्यासारखा दिसत राहिला.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग फादर लिबोरिअस संत व्हायला लागले.

झालं असं की मिशनचा मोठा सण जवळ आला होता आणि धर्मशिक्षक न्दिवेनी यांनी मनावर घेतलं होतं की आपल्या मिशनचाही एखादा संत असावा. न्दिवेनी म्हणजे सडपातळ, टाय बांधून झोपत असावा असा माणूस. ते गावोगाव फादरांच्या आठवणी गोळा करत हिंडत होते. त्यातच एका दुपारी मान्योनी आजी मंडळाचा निरोप घेऊन मासिबांडाकडं आली. ती घरी नव्हती, म्हणून आजी आंब्याखालच्या त्या जुन्या सीटवर टेकली आणि तिचा डोळा लागला. जाग आल्यावर उठून पार नळापर्यंत चालत गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की काठी सीटपाशीच राहिलीय आणि गुडघा दुखत नाहीये.

फादरांच्या सीटनं गुडघा बरा केला, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या लुवेवेत झालं. दुसऱ्या दिवसापासून मसुकूच्या अंगणात रांग. कंबरवाले, दमेवाले, मूल न होणारे, एक फुटबॉलपटू. सगळे पाळीपाळीनं सीटवर बसायचे. बसून झालं की गाडीलाही हात लावून जायचे. मसुकूनं नुकताच निळा रंग मारला होता, तो ओला होता.

"हात लावू नका, रंग ओला आहे," तो ओरडायचा.

"श्रद्धा असली की चिकटत नाही, बाबा," लोक म्हणायचे, आणि निळे तळवे घेऊन घरी जायचे. त्यानं तीनदा रंग खरवडून काढला. चौथ्यांदा बॉनेटवर एका तान्ह्या बाळाचा पंजा उमटला, तेव्हा त्यानं हात टेकले.

त्याला नवल वाटत होतं ते मासिबांडाचं. मंडळाची अध्यक्ष, दर गुरुवारी गुडघे टेकणारी बाई. तिनं सगळ्यांत पुढं असायला हवं होतं. पण रांग लागली की ती स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं भांडी घासायची.

शेवटी एका शनिवारी फादर टार्सिसिअस आणि न्दिवेनी मिशनचा पिकअप घेऊन आले. मासिबांडानं मोपानी झाडावरच्या तळलेल्या अळ्यांची ताटली पुढं ठेवली. न्दिवेनींनी खाल्ल्या आधी आणि घसा खाकरला नंतर.

"मसुकू, ही गाडी आता तुमची-आमची राहिलेली नाही. ती पवित्र ठेव आहे. सणाला ती मिशनवर परत यायला हवी."

"न्या की," मसुकू म्हणाला. "पण पवित्र तेवढंच न्या. इंजिन डॅटसनचं आहे, डॅटसन बाटली मारून उलटलेल्या माणसाचा होता. मागची सीट रेल्वेची, तिच्यावर काय काय झालंय ते मी सांगत नाही, फादर बसलेत. तळाला साबणवाली बाई आहे. फादरांचं म्हणाल तर पत्रा, स्टिअरिंग आणि हॉर्न. आणि हॉर्न ते सारखे वाजवायचे आणि वर शिव्या द्यायचे, तेव्हा तो कितपत पवित्र, ते तुम्ही ठरवा."

"फादर लिबोरिअस शिव्या देत नसत," न्दिवेनी ताठ होऊन म्हणाले. "ते जर्मनमध्ये प्रार्थना करत."

"आडव्या आलेल्या गाढवाकडं बघून?"

फादर टार्सिसिअसना हसू आलं, ते त्यांनी एका अळीबरोबर गिळलं. "बरं, काका, गाडी राहू द्या. ती मीच दिली होती. ती जुनी सीट तेवढी देता का? तिचा तुम्हाला काही उपयोग नाही."

"सीट न्या. रांगही न्या."

न्दिवेनींनी सीट जणू वेदीच उचलतोय अशा बेतानं एका टोकानं उचलली. कोंबड्यांची घाण एव्हाना भक्तांच्या कपड्यांनी पुसून निघाली होती, आणि खालच्या चामड्यावर एक मोठा काळपट डाग दिसत होता. न्दिवेनींनी त्याच्यावरून बोट फिरवलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघा, फादर. युद्धाच्या काळात सैनिकांनी त्यांना मारलं होतं म्हणतात. हे त्यांचं रक्त. याला आपण काचेच्या पेटीत ठेवू."

स्वयंपाकघराच्या दारातून मासिबांडा म्हणाली, "ते रक्त माझं आहे."

रांगेतली माणसं पुढं सरकली. मान्योनी आजी दुसऱ्या गुडघ्यासाठी आली होती, ती कान पुढं करून बसली.

मासिबांडा पदराला हात पुसावेत तसे एप्रनला हात पुसत अंगणात आली. "खाली ठेवा ती, न्दिवेनी. पेटीत घालून माझं बाळंतपण लोकांना दाखवणार आहात का?"

मग तिनं सांगितलं. हल्ली जोहान्सबर्गला असलेल्या मुलाच्या, बोंगानीच्या वेळेला ती मिशनजवळ आईकडं होती आणि मसुकू व्हिक्टोरिया फॉल्सच्या लाइनवर घसरलेला डबा उचलायला गेलेला. दिवस भरले नव्हते, तरी कळा सुरू झाल्या. मिशनवर गाडी एकच आणि ड्रायव्हर एकच. फादरांनी तिला मागं झोपवलं आणि शहराच्या रस्त्यानं असे सुटले की प्रत्येक खड्ड्याला तिला वाटलं, मूल आता तोंडातून बाहेर येतंय. नदीच्या उतारावर त्यांना थांबावंच लागलं.

"आधी पांढरे फटक पडले," ती म्हणाली. "ते गोरेच होते, पण त्यातही पडले. मग शिव्या द्यायला लागले, त्याही आपल्या भाषेत. देवाला, गाडीला, रेल्वेला, आणि तुम्हाला, मसुकू, तुम्हाला तर नाव घेऊन. मग बाह्या वर केल्या. नाळ तंबाखू कापायच्या चाकूनं कापली, बुटाची नाडी सोडून बांधली. बोंगानी रडेना, तर त्याला उलटा धरून त्याच्यावरही ओरडले. तेव्हा रडला."

मसुकू तिच्याकडं वळला. "तू तर म्हणाली होतीस, गाडीत नर्स होती."

"होती. दाढीवाली."

हेझेकिया कुंपणाला टेकला होता, तो हसता हसता कुंपणासकट आत आला.

"लपवलंस का मग?" मसुकूनं विचारलं.

"तुमची आई जिवंत होती तेव्हा. परक्या पुरुषानं बाळंतपण केलं म्हटल्यावर तिनं मला घरात घेतलं असतं? फादरांनाच ते कळलं. म्हणाले, मुली, तू गप्प राहा, मीही राहतो. सिस्टर लोकांनी सीट बघून विचारलं तर त्यांनी सांगितलं, वाटेत शेळी व्याली. पवित्र गाडीत शेळ्या घालता म्हणून सिस्टर वर्षभर त्यांना घालूनपाडून बोलत होत्या. ऐकून घेतलं त्यांनी. इतक्या वर्षांत माझ्याकडं नजर वर करूनसुद्धा कधी हसले नाहीत." ती न्दिवेनींकडं वळली. "संत होता की नव्हता ते तुमचं तुम्ही बघा. शिव्या मात्र देत होता. माझ्या कानांनी ऐकल्यात."

मग मान्योनी आजीनं गंभीरपणे विचारलं, "मग माझा गुडघा कुणी बरा केला?"

"जोहान्सबर्गला फोन लावून बोंगानीला विचारा," फादर टार्सिसिअस म्हणाले, आणि आता मात्र त्यांनी हसू गिळलं नाही.

न्दिवेनी सीट न घेता गेले. रांगही पांगली. बाळंतपणाच्या जागेवर बसायला पुरुषमंडळी तयार होईनात, आणि फुटबॉलपटू तर पुन्हा त्या गल्लीत दिसलाच नाही.

मसुकू ती दुपारभर आंब्याखाली बसून होता. चर्चमध्ये तो फक्त मयताला जायचा, आणि तेव्हाही बाहेर झाडाखाली उभा राहायचा. फादर लिबोरिअसांची नक्कल करून त्यानं कितीतरी संध्याकाळी ज्वारीच्या बिअरवर गडी हसवले होते. हा माणूस रस्त्यात आपल्या नावानं शिव्या देत आपलं पोर जगात आणत होता आणि आपण शे-दीडशे मैलांवर रुळावर डबा चढवत होतो, हे त्याला काही केल्या पचेना. त्याला राग येत होता. कुणाचा ते ठरत नव्हतं.

मग उठून त्यानं गाडीतली रेल्वेची हिरवी सीट काढली. जुन्या सीटच्या स्प्रिंगा काढून सरळ केल्या, तुटल्या तिथं तारेनं बांधल्या, काथ्या भरला. चामडं मात्र धुतलं नाही. रेल्वेचं हिरवं रेक्झिन उसवून त्याच्याच वरून शिवलं. मासिबांडा पहिल्यांदाच गाडीजवळ आली आणि सुईत दोरा ओवून देऊ लागली, कारण त्याला जवळचं दिसत नव्हतं.

"सवत म्हणून रुसली होतीस असं वाटलं मला," तो म्हणाला.

"तुमच्यापायी मला कोण सवत येणार आहे, मसुकू? भुवया तरी आहेत का?"

सणाच्या दिवशी मॉरिस मिशनला निघाली. मागं मासिबांडा, मान्योनी आजी आणि मंडळाच्या आणखी दोघी; चौघीही निळ्या झग्यात. वाटेतल्या चढावर रेडिएटर उकळला. चौघींनी उतरून, भजन म्हणत, गाडी वर ढकलली. मसुकू स्टिअरिंगवर बसून तालात चुकणाऱ्यांना दटावत होता. मिशनवर पोचल्यावर तो नेहमीसारखा झाडाखालीच उभा राहिला. न्दिवेनींनी भाषणात फादरांच्या मौन प्रार्थनेचा उल्लेख केला, तेव्हा बायकांच्या बाजूला कुणाला तरी जोराचा खोकला आला.

नाताळाला बोंगानी जोहान्सबर्गहून आला. तोवर त्याच्या जन्माची कथा त्याला फोनवरून किमान सहा जणांनी सांगितली होती, प्रत्येकानं वेगळी. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवरच्या बाळाच्या पंजाकडं बघितलं आणि म्हणाला, "बाबा, त्यापेक्षा एक जपानी गाडी घ्यायची होती."

"अर्धी जपानीच आहे. बस."

"मीच चालवतो."

त्यानं गाडी मागं घेतली आणि सरळ फाटकाच्या खांबावर घातली. मडगार्ड आत गेलं. मासिबांडा दारातून बघत होती.

"रक्तातच आहे," ती म्हणाली, "फक्त कुणाच्या, तेवढं विचारू नका," आणि आत जाऊन चहा टाकला.

मसुकूनं दोन हातोड्या आणल्या, एक मुलाच्या हातात दिली. "आतून तू ठोक, बाहेरून मी धरतो. हळू. पत्रा आहे, रेल्वेचा रूळ नाही." बाप-लेक अंधार पडेपर्यंत ठोकत बसले, आणि मडगार्ड होतं त्याहून थोडं वाकडंच झालं.