चव घेऊन थुंकायचं

"घरात बाटली आणू नको," असं आईनं मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. पळसदरीच्या एका रिसॉर्टमध्ये मी पाहुण्यांना देशोदेशींच्या वाइन चाखवायचं काम करत होते. बढतीसाठी परीक्षा होती आणि पाहुण्यांनी अर्धवट सोडलेल्या बाटल्या सरावाला घरी न्यायची परवानगी मिळाली होती. वाइन म्हणजे काही दारू नव्हे, असं मी आईला समजावलं. एवढी शिकलेली मी आणि एवढी मूर्ख!

बाबा चौक गावातल्या गॅरेजात मेकॅनिक होते तेव्हा रोज कुणीतरी त्यांना धरून घरी आणायचं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी दारू सोडली.

आई अंगणवाडीत कामाला गेली की दुपारी मी पडवीत ग्लास मांडायचे. माझं नाक तसं मठ्ठच. एकदा फ्रान्सची एक वाइन काही केल्या उमगेना. बाबा पेंढा घेऊन मागून चालले होते, ते थांबले. म्हणाले, "ह्याला भिजल्या गोणपाटाचा वास येतोय गं." मी पुस्तक उघडलं. बूच खराब असलं की नेमका तसाच वास येतो, असं त्यात लिहिलेलं होतं.

मग ते रोज विचारू लागले, "आज कुठला देश?" जर्मनीची पांढरी वाइन हुंगून म्हणाले, "गॅरेजात हात धुवायचो, ते घासलेट हाय." जाणकारही तेच सांगतात. इटलीतल्या ज्वालामुखीच्या उतारावरच्या वाइनमध्ये त्यांना भातपेरणीआधी पालापाचोळ्याचा राब भाजल्यावर शेतात राहतो तो वास सापडला. मी भराभर वहीत उतरवून घ्यायचे. बाबांना इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

नुसत्या वासावर भागत नाही, हे मीच म्हणाले. घोट तोंडात घोळवायचा, चव घेऊन थुंकायचा, हेही मीच शिकवलं. थुंकायला मी तांब्या घेतला, त्यांना ऑइलचं जुनं डबडं दिलं. माझ्यासमोर थुंकायची त्यांना लाज वाटायची, ते पाठ फिरवायचे. आपलं डबडं आपणच धुवायला न्यायचे. पहिला ग्लास त्यांनी दोनदा उचलून परत खाली ठेवला. मी ते पाहिलं आणि पुढची बाटली उघडली.

आईला कळायचं ते कळलंच. भाकरी थापताथापता एवढंच म्हणाली, "त्यांनी परत तोंडाला लावली ना, तर मी या घरात रायची नाय."

"ते थुंकतात गं आई," मी म्हटलं.

चिलीच्या दिवशी आम्ही पाच ग्लास चाखले. बाबा खूप बोलत होते, एकच वास दोनदोनदा सांगत होते. शेवटी भिंतीला टेकून बसले, डबडं न्यायला उठलेच नाहीत. मीच सगळं मोरीत नेलं. माझा तांब्या अर्धा भरला होता. त्यांचं डबडं उपडं केलं, तर काहीच पडलं नाही. आत बोट फिरवलं. तळाला जुनी धूळ तशीच कोरडी होती.

उरलेल्या बाटल्या तिथेच ओतून टाकायला हव्या होत्या. आईला सांगायला हवं होतं.

पडवीतून बाबांचा जडावलेला आवाज आला, "उद्या कुठला देश गं?"

परीक्षा चार दिवसांवर होती.

"अर्जेंटिना," मी म्हणाले.