पाठचं फडकं

यांच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा आम्ही हेंद्रेपाड्यात राहत होतो. हे सकाळी अंबरनाथला जाऊन गेटवर बसायचे आणि दुपारी तसेच परत यायचे. घर माझ्या मशीनवर चालायचं. कॅम्प दोनच्या कपडा बाजारातल्या एका शेठकडून शेजारच्या वहिनी कापलेला माल आणायच्या आणि आम्ही दोघी शिवायचो. शेठशी बोलायच्या त्याच. परक्या माणसासमोर तोंड उघडायचं म्हटलं की मला घाम फुटायचा.

तेव्हा टीव्हीवर रविवारी उडणाऱ्या वीराची मालिका लागायची. गोष्ट परदेशातल्या जुन्या चित्रांच्या पुस्तकातली. पोरांना त्याचाच ड्रेस हवा असायचा. अंगरखा पिवळा, खांद्यावर जोडलेलं पाठचं फडकं. शेठ त्याला केप म्हणायचे. फडक्याची एक बाजू लाल, एक निळी. वर कोणती घ्यायची ते शेठनी सांगितलं नाही. घरोघर बघतातच, असं त्यांना वाटलं असणार. आम्हीही बघायचो, पण आमचा टीव्ही काळा-पांढरा आणि वहिनींचाही तसलाच. दोन्ही बाजू राखाडीच दिसायच्या. म्हणून लेकीनं मैत्रिणीकडून ते पुस्तक आणलं. त्यात निळी बाजू वर होती. छापलंय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून आम्ही सगळा माल शिवला.

मी शिवताना लेक वाचून दाखवायची. पुस्तकात तो वीर एकदा दमून गच्चीवर बसतो. पानभर कुणी काही बोलत नाही. टीव्हीवर त्यांनी ते गाळलं होतं. तिथे तो येतो, मारतो, उडून जातो. मला पुस्तकातला जवळचा वाटला.

मग सगळा माल परत आला. शेठचा माणूस टेम्पोतून गाठोडी दारात टाकून गेला. टीव्हीतल्या वीराची लाल बाजू वर होती.

"पुस्तक तुझ्या लेकीनं आणलं," वहिनी म्हणाल्या. "शेठकडे आता तूच जा."

"मला बोलता येत नाही, वहिनी."

"मग मुकी उभी राहा. ओरडून ओरडून दमतील तरी."

गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी शेठ सुरूच झाले.

"क्या भाभी, टीव्ही नाय बघत काय? मार्केटमध्ये लोक हसतात मला. बोलतात, शेठ उलटा हीरो घेऊन आला!"

"बघतो, शेठ. पण आमच्यात रंग नाही."

कटिंगवाला कात्री थांबवून हसायला लागला. शेठना हसू आलं नाही.

"सगळं उसवून सीधा कर. त्याची मजुरी नाय. आणि पुढचा लॉट मी दुसरीकडे देतो."

एरवी मी मान हलवून निघाले असते. पण पुढचा माल नाही म्हणजे चूल नाही. मान खालीच ठेवून म्हणाले, "पुढचा लॉट आज द्या. मग उसवते."

"बघ रे! मुंडी खाली घालून धमकी देते ही!" शेठ कटिंगवाल्याला म्हणाले. मग त्यांनी पायानं एक गाठोडं माझ्याकडे सरकवलं.

आत त्याच वीराच्या ड्रेसचा कापलेला माल होता. केबलवर त्याची दुसरी मालिका आली होती आणि तिच्यात त्याला फडकंच नव्हतं. गोष्ट तीच, कपडे मात्र दरवेळी नवे.

घरी आले. यांनी विचारलं, "काम टिकलं ना?" मी हो म्हटलं, ब्लेड शोधलं आणि आधी जुना माल उसवायला बसले.