विनी होलरॉइडने फोडलेलं कुंपण

विनी होलरॉइडला मी पहिल्यांदा पाहिलं ते शिडीवर. सामानाचा ट्रक अजून दारात उभा होता, पलंग अंगणात पावसात भिजत होता, आणि ही बाई मागच्या बागेतल्या सफरचंदाच्या झाडाला पाखरांसाठी दाण्याची नळी टांगत होती.

"आधी पलंग आत घ्या की," मी कुंपणावरून म्हटलं.

"पलंगाला भूक लागत नाही," ती म्हणाली.

तेव्हा ती सत्तरीची होती. अठ्ठावीस वर्षं तिने बस चालवली होती, तीही यॉर्कशरच्या आमच्या चढउतारांवर. डेपोत ती पहिली बाई. पहिल्या हिवाळ्यात तिथल्या पुरुषांनी पैजा लावल्या होत्या, की बर्फ पडला की ही रडत घरी जाईल. बर्फ पडला तेव्हा वरच्या गावातून बस खाली आणणारी ती एकटीच निघाली. बाकीच्यांनी गाड्या वरच सोडल्या होत्या. ही हकीकत ती स्वतः कधी सांगत नसे. मला तिच्या बहिणीने सांगितली.

लार्चफील्ड म्हणजे म्हाताऱ्यांसाठी बांधलेली बावीस बैठी घरं. प्रत्येक घरामागे चादरीएवढी बाग, आणि कुंपणापलीकडे गावकऱ्यांचे भाजीचे वाफे. घरं एका संस्थेची, आम्ही भाडेकरू. माझं घर वीस नंबरचं, विनीचं एकवीस, आणि टोकाला बावीसमध्ये सिरिल नेलर. सिरिलची हिरवळ कात्रीने कापल्यासारखी असायची. एखादं पान पडलं तर तो ते उचलायला चपला घालून बाहेर यायचा.

विनीच्या बागेत असलं काही नव्हतं. कोपऱ्यात लाकडांचा ढीग, वाळक्या पानांचा ढीग, न कापलेलं गवत. "हे सगळं कामाचं आहे," ती म्हणायची. चिमण्या, रॉबिन, काळे ब्लॅकबर्ड, निळ्या डोक्याच्या टिट, सगळे तिच्याकडे जेवायला. आणि अंधार पडला की वाफ्यांकडून हेजहॉग यायचे. मूठ दोन मुठींएवढे, पाठभर काटे, पुढे टोकदार ओलं नाक. विनी त्यांना 'काटेवाले' म्हणायची. त्यांना ती मांजराचं खाणं आणि पाणी ठेवायची. कुणी दूध ठेवलेलं दिसलं तर तिचा आवाज चढायचा. "दूध पाजून मारायचंय का त्यांना? पोट बिघडतं त्यांचं. पाणी ठेव, पाणी!"

अशी चारपाच वर्षं गेली. मग एका ऑक्टोबरात सगळ्यांच्या दारात पत्र पडलं. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून, उंदीर झाल्याने, पक्ष्यांना व प्राण्यांना खाणं घालणं एक नोव्हेंबरपासून बंद. शिवाय जुनी लाकडी कुंपणं काढून नवी बसणार, तळाला काँक्रीटच्या फळ्या असलेली.

विनी पत्र हातात घेऊन तडक सिरिलच्या दारात. मी मागोमाग, कारण मला वाटलं ही त्याला मारणार.

"तक्रार तूच केलीस ना?"

"मीच केली," सिरिल म्हणाला. "ये, दाखवतो."

त्याने आम्हाला बागेतल्या खोपटामागे नेलं. तळाच्या फळीखाली बीळ होतं, आणि आजूबाजूला लेंड्या. "माझ्या डाळिंबी रंगाच्या डेलियांचे कंद खाल्ले मेल्यांनी. सगळे. तुझ्या दाण्यावर पोसलेत ते, विनी. माझ्या हिरवळीवर नाही."

त्या दिवशी ऊन कलल्यावर ती स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहिली. दाण्याच्या नळीखाली, पाखरांनी सांडलेल्या सूर्यफुलाच्या बियांवर, एक लठ्ठ उंदीर बसून आरामात खात होता. तिने स्वतः मला ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहार घेऊन सिरिलकडे गेली. "बाजूला हो," म्हणाली. गुडघे टेकून तिने खोपटाच्या फळ्या उचकटल्या, बिळं बुजवली, खाली जाळी ठोकली. तीन दिवस लागले. सिरिल उभा राहून फक्त "तो खिळा वाकडा गेला" एवढंच म्हणत होता. मग तिने आपल्या बागेत दाण्याच्या नळ्या उंच खांबावर लावल्या, खाली सांडलेलं झेलायला ताटं बांधली, आणि अंधार पडायच्या आत जमीन झाडून घ्यायला लागली.

"उंदीर माझे होते. ते मी निस्तरले," ती मला म्हणाली. "पण पाखरांचं जेवण बंद होणार नाही. नोव्हेंबरात दार लावून घ्यायचं? उन्हाळ्यात गाणी ऐकायची आणि थंडीत ओळख विसरायची?"

"पण पत्रात लिहिलंय, विनी."

"ऑड्री, तू आयुष्यभर ऑफिसात फायली लावल्यास. कागद दिसला की तू उभी राहतेस."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त लागलं.

नोव्हेंबरात माणसं आली आणि दोन दिवसांत अकरा ते बावीस नंबरांची कुंपणं बसवून गेली. खाली हातभर उंच काँक्रीट, फट म्हणून नाही. त्याच आठवड्यात, भर दुपारी, विनीच्या बागेत एक हेजहॉग दिसला. काँक्रीटच्या कडेने तो टोकापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. परत जायचा. त्याचं नाक घासून लाल झालं होतं.

"दिवसा फिरतोय म्हणजे मरायला टेकलाय," विनी म्हणाली. हातात जाड हातमोजे घालून तिने त्याला उचललं आणि स्वयंपाकघरातल्या पिठाच्या तराजूत ठेवलं. तीनशे चाळीस ग्रॅम. थंडीभर झोपून काढायला निदान सहाशे लागतात. तिने गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळली, खोक्यात ठेवली, त्यावर तो. आणि शेजारच्या गावातल्या पॅट्सीला फोन लावला. पॅट्सी घरातच असले आजारी जीव सांभाळायची.

"माझ्याकडे आत्ताच चौतीस आहेत, विनी. जागा नाही. काय करायचं ते सांगते, तूच कर."

विनीने ते केलं. दोन दिवसांनी भाजीच्या वाफ्यांत कोबी काढायला आलेल्या माणसाने तिला कुंपणावरून हाक मारली. पलीकडच्या बाजूला दुसरा हेजहॉग होता, काँक्रीटला नाक लावून, मेलेला. पाच वर्षं तो त्याच वाटेने जेवायला येत असणार. विनीने त्याला पानांच्या ढिगाखाली पुरलं. आत आली, हात धुतले, चहासुद्धा न घेता गेलेल्या नवऱ्याची हत्यारांची पेटी बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तिने आपलं बसवालीचं भगवं चमकतं जाकीट घातलं, उशी टाकून गुडघ्यांवर बसली आणि छिन्नी-हातोड्याने वाफ्यांकडच्या कुंपणाचं काँक्रीट फोडायला लागली. आवाज सगळ्या लार्चफील्डभर. लोक खिडक्यांत आले.

मी धावत गेले. "अगं, निदान जाकीट तरी काढ! कुणी बघेल!"

"बघू देत. लपवायचं असतं तर हे घातलं असतं का?"

दुपारपर्यंत वीतभराहून जरा कमी असं चौकोनी भोक पडलं. चार वाजता संस्थेचे व्यवस्थापक मिस्टर फेनविक आले. तरुण माणूस, स्वच्छ बूट.

"मिसेस होलरॉइड, ही संस्थेची मालमत्ता आहे."

"हो."

"तुम्ही तिची मोडतोड केलीत."

"केली. लिहून घ्या. तारीखही घाला."

"हे बुजवावं लागेल."

"बुजवा. मी परत उघडीन. मला रोज सकाळी वेळ असतो. तुम्हाला असतो का, बाळा?"

दुसऱ्या दिवशी माणूस येऊन भोक सिमेंटने बुजवून गेला. पण त्या थंडीत सिमेंट वाळतं कुठे! सकाळी विनीने ते मोठ्या चमच्याने खीर काढावी तसं उकरून बादलीत भरलं आणि बादली संस्थेच्या ऑफिसच्या दारात ठेवून आली. "तुमचं विसरलं होतं," असं सांगून. हे तीनदा झालं. चौथ्यांदा माणूस आलाच नाही. आलं ते बोलावणं: डिसेंबरात सभागृहात सुनावणी, घर रिकामं करायला लावण्याचा विचार होऊ शकतो.

ते वाचून मात्र विनी बसली. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच असा उतरलेला पाहिला. खोक्यातला काटेवाला खसखस करत होता.

"कुठे जाशील?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. मग खोक्यातला टॉवेल सारखा करत, "पण माफी मागून इथे राहिले तर त्या खिडकीतून मला बाहेर बघता येणार नाही, ऑड्री."

सुनावणीला टेबलामागे संस्थेचे तिघं होते. फेनविक यांनी फोटो दाखवले, पत्रं वाचली आणि शेवटी म्हणाले, "हे सगळं आम्ही रहिवाशांच्या तक्रारीमुळे करतोय. मिस्टर नेलर इथे आहेतच."

सिरिल उठला. त्याने टाय लावला होता.

"ही बाई अत्यंत हट्टी आहे," तो म्हणाला. "हिची बाग बघून माझं डोकं दुखतं. उंदीर हिच्यामुळेच आले आणि तक्रार मीच केली." विनी समोर बघत बसली होती. "पण मी उंदरांची तक्रार केली. त्यावर तुमचं पत्र आलं. ही मात्र पहार घेऊन आली. तीन दिवस माझ्या खोपटाखाली पालथी पडून होती, या वयात. त्यानंतर एक उंदीर दिसलेला नाही. काँक्रीट मी मागितलं नव्हतं. तुमच्या काँक्रीटला माझं नाव लावू नका."

आणि तो खाली बसला. विनी त्याच्याकडे वळून म्हणाली, "डोकं दुखतं तर बघतोस कशाला?"

"माझ्याच खिडकीसमोर आहे ती!"

टेबलामागच्या बाईंना हसू आवरेना. शेवटी ठरलं ते असं: घर राहील, उंदीर नाहीत तोवर पाखरांना खाणं घालायला हरकत नाही, पण कुंपण फोडल्याबद्दल लेखी ताकीद नोंदवली जाईल, भोक तूर्त राहू द्यावं, मात्र आणखी कुठलंही कुंपण फोडणार नाही, असं विनीने सही करून द्यावं.

विनीने कागद वाचला, पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"नाही."

"मिसेस होलरॉइड, तुमचंच भलं आहे यात."

"एका भोकातून तो माझ्या बागेत येईल. मग पुढे? ही बाग म्हणजे खोकं झालं. त्याला एका फेरीत मैलभर चालायचं असतं. उरलेली कुंपणं बघायचीत मला. खोटी सही कशाला करू?"

मी तिचा कोट ओढत होते. तिने माझा हात झटकला. सही न करताच आम्ही घरी आलो, आणि वाटभर मी तिच्याशी बोलले नाही. मग पत्राने नुसती ताकीद आली; सहीबद्दल त्यात काही नव्हतं.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. रोज सकाळी विनी किटली घेऊन पक्ष्यांच्या पाण्यावरचा बर्फ वितळवायला जायची. एका सकाळी पायरीवर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मग दीड महिना ती खिडकीत आणि मी बागेत. तिथून ती काच ठोकून ओरडायची. "चरबीचा गोळा जाळीतून काढ, पाय अडकतात त्यांचे! नळी गरम पाण्याने धू! अगं, घासून धू, आजार पसरतात!" माझी बोटं बधिर व्हायची. पण मी मागे सरले की चिमण्यांचा थवाच्या थवा झुडपातून खाली उतरायचा. इतक्या जवळून मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. थंडीने फुगलेल्या, भांडखोर, एकीलाही बर्फाचं भय नसलेल्या.

काटेवाल्याचं वजनही मीच करायचे. चारशे दहा. पाचशे. सहाशे ऐंशी.

मार्चच्या पहिल्याच सोमवारी मी विनीच्या हत्यारांची पेटी मागितली.

"कशाला?"

"तुला काय करायचंय? तुझा हात प्लास्टरमध्ये आहे."

माझ्या आणि तिच्या बागेमधल्या कुंपणाला भोक पाडायला मला दोन दिवस लागले. अंगठा दोनदा ठेचला. विनी पलीकडून सूचना देत होती, त्या मी ऐकल्या नाहीत. बुधवारी फेनविक आले ते सरळ एकवीस नंबरात. आवाज इतका चढला की मला ऐकू आलं. मी गेले.

"तिने नाही. मी पाडलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. सात वर्षांत मी त्यांना दर वेळी "हो, मिस्टर फेनविक" एवढंच म्हटलं होतं. "मिसेस स्पेन्सली, तुम्ही?"

"लिहून घ्या," मी म्हटलं. "आणि पलीकडे वीस आणि एकोणीसमधलं कुंपण आहे, तेही मी शुक्रवारी घेणार आहे. एकोणीसवाल्यांनी हो म्हटलंय."

मलाही लेखी ताकीद आली. आयुष्यातली पहिली.

एप्रिलच्या शेवटी रात्री उबदार व्हायला लागल्या, तेव्हा पॅट्सीला विचारून आम्ही खोकं भोकासमोर ठेवलं. तो बराच वेळ बसून राहिला. मग नाक बाहेर काढलं, हुंगलं आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता वाफ्यांकडे निघून गेला.

उन्हाळ्यात उरलेल्या पहिल्या दहा घरांची कुंपणं बदलली. काँक्रीटच्या नव्या फळ्या आल्या त्या भोकं पाडूनच आलेल्या, नीट चौकोनी. सोबत छापील पत्र: निसर्गाची काळजी घेण्याच्या संस्थेच्या नव्या धोरणानुसार, वगैरे. विनीचं नाव कुठेही नव्हतं. मला आनंद झाला. विनीला झाला नाही.

"यांचं धोरण? यांचं?" ती स्वयंपाकघरात येरझारा घालत होती. "मग माझी ताकीद कशाबद्दल आहे?"

उजव्या मनगटात अजून जोर नव्हता, म्हणून तिने डाव्या हाताने पत्र लिहिलं. धोरण बदललं असेल तर नऊ डिसेंबरची ताकीद चुकीची होती, ती रद्द करून तसं कळवावं. उत्तर आलं, की विषय संपलेला आहे. विनीच्या मते तो संपलेला नाही. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला तेच पत्र नव्याने लिहून, चालत जाऊन, स्वतःच्या हाताने ऑफिसात देते. पोच घेतल्याशिवाय तिथून हलत नाही.